गॉगल काढा, शेठ

कंपनीच्या वार्षिक तपासणीत डोळ्यांच्या टेबलामागे बसलेली एक खेकसणारी बाई तुम्हाला आठवत असेल, तर ती बहुधा मीच. एक डोळा झाका, वाचा, आता दुसरा झाका, वाचा, चला पुढचा. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कंपन्यांत अठ्ठावीस वर्षं मी एवढंच बोलत आले. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून "गमतीजमती लिहा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लिहायला बसल्यावर कळलं की गमती दोन पानांत संपतात आणि मागे एकच माणूस उरतो. त्याच्याबद्दल लिहायचं टाळलं तर बाकीचं लिहिण्यात काही राम नाही, म्हणून तेही लिहिते आहे.

आधी काम काय ते सांगते. कंपन्यांना कामगारांची तपासणी करून घ्यावी लागते. तळवड्यात आमच्या सरांचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. सर स्वतः डॉक्टर. त्यांच्या व्हॅनमधून आम्ही पाचसहाजण सकाळी निघायचो, कुणी रक्त घेणारं, कुणी कान तपासणारं आणि डोळ्यांना मी. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये नाहीतर ट्रेनिंग रूममध्ये आमचं बिऱ्हाड मांडायचं. टेपनं सहा मीटर मोजायचे, खडूनं रेघ मारायची, समोर आतून दिवा असलेली अक्षरांची पाटी लावायची. खोली मुद्दाम अंधारी करायची, म्हणजे अक्षरं उठून दिसतात आणि टॉर्चनं डोळ्याच्या आतही बघता येतं. त्यासाठी मी काळ्या कागदाचं भेंडोळं आणि चिकटपट्टी कायम पिशवीत ठेवायचे. माणशी दोन-तीन मिनिटं मिळायची, कारण बाहेर सुपरवायझर घड्याळ बघत उभा असायचा.

आता त्या गमती. रांगेतले मागचे लोक पुढच्यांची अक्षरं ऐकून पाठ करतात, हे नवीन माणसाला कळत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकदा पाटीतला बल्ब उडाला. समोर नुसता काळा चौकोन, आणि एक वयस्कर वेल्डर खणखणीत आवाजात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सगळं म्हणून मोकळा झाला. खोलीत हशा पिकला, तोसुद्धा हसला. दुसऱ्या एकानं स्वतःच्या जागी भावाला उभं केलं होतं, आणि भाऊ नेमका स्वतःचं नाव सांगून बसला. मी तीन वेगवेगळ्या पाट्या बाळगायला लागले आणि मधेच बदलायला लागले. "कांबळे मॅडमपुढं चालत न्हाई राव," असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकून बरं वाटायचं.

हे मला पहिल्या दिवसापासून कसं माहीत होतं, तेही सांगायला हवं. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात मशीनवर होते. चाळिशीनंतर त्यांची नजर उतरली आणि चष्मा लागला हे कळलं तर मशीनवरून काढतील अशी त्यांना धास्ती बसली. कंपनीतून कुणीतरी पाटीवरची अक्षरं कागदावर उतरवून आणली होती. मी तेव्हा चौथीत होते. आठवडाभर मी तो कागद हातात धरून त्यांच्याकडून अक्षरं घोकून घेतली आणि ते पास झाले. आईनं त्या दिवशी शिरा केला होता. म्हणजे जी लबाडी करून माझं घर चाललं, तीच पकडण्यात मी नोकरी काढली. याची मला लाज वाटायची नाही. उलट, सगळ्यांचे डाव ओळखते याची घमेंड होती.

त्या घमेंडीला एकदा चांगलं फळही आलं. पॅकिंगला मंगलताई म्हणून एक बाई होत्या. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत एक अक्षर न चुकता वाचलं, "झालं का?" म्हणून वळल्या आणि शेजारच्याच स्टुलाला धडकल्या. पुढे दाराशी कचऱ्याच्या डब्याला. मी त्यांना परत बोलावलं आणि समोर माझ्या नाकाकडे बघायला सांगून बाजूनं बोटं हलवली. त्यांना समोरचं सगळं दिसत होतं, बाजूचं काहीच नाही. अंधार पडल्यावर तर त्या मुलीचा हात धरल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हत्या. सरांनी आत बघितलं तर डोळ्याच्या पडद्यावर काळे ठिपके. मोठ्या दवाखान्यात निदान झालं, कंपनीनं त्यांना बसून करायचं काम दिलं. पुढे कित्येक वर्षं त्या मला संक्रांतीला तिळगूळ पाठवायच्या.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात, शंकू आणि दंड. मी कामगारांना सांगायचे तसंच सांगते. शंकू दिवसपाळीचे. भरपूर उजेडात बारीक अक्षर आणि रंग बघणं त्यांचं काम. दंड रात्रपाळीचे. त्यांना रंग कळत नाहीत, बारीक दिसत नाही, पण कमी उजेडात आणि बाजूचं दिसतं ते त्यांच्यामुळे. मंगलताईंची रात्रपाळी आधी बंद पडली होती. रातांधळेपणा आपल्याकडे खेड्यापाड्यात सगळ्यांना माहीत आहे. दिवसपाळी बंद पडून रात्रपाळी चालू राहते असाही आजार असतो, फार क्वचित. तो मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. माणूस म्हणून तो कधी समोर येईल असं मात्र मनात आलं नव्हतं.

तो आला चाकणच्या एका कंपनीत. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी, नाव सांगत नाही. नवनाथ त्याचं नाव, वय अठ्ठावीस-एकोणतीस. राजगुरुनगरच्या बाजूच्या एका गावातला, घरची शेती. कंपनीच्या आतल्या स्टोअरमध्ये तो पहिल्यापासून कायम रात्रपाळी करत होता. नवे मॅनेजर आले, त्यांनी सगळ्यांच्या पाळ्या फिरत्या केल्या, तेव्हा यानं अर्ज दिला की डोळ्यांच्या त्रासामुळे मला रात्रपाळीच ठेवा. त्या अर्जावर "वैद्यकीय तपासणीत खात्री करावी" असा शेरा मारून कागद माझ्या टेबलावर आला होता.

रात्रपाळी चुकवायला लोक माझ्याकडे काय काय सोंगं घेऊन यायचे. रात्रपाळी मागणारा कुणी कधी आला नव्हता. पण चाकणमध्ये रात्रपाळी कोण मागतो हे मला पक्कं माहीत होतं. जमिनीला भाव आला तसा गावात पैसा आला, आणि दिवसा पाण्याचे टँकर, जेसीबी नाहीतर प्लॉटिंगचा धंदा करून रात्री कंपनीत हजेरी लावणारे गडी तयार झाले. हा त्यातलाच, असं मी कागद वाचतानाच ठरवून टाकलं. त्यात तो दारातून आत आला तो मोठा तपकिरी गॉगल लावून. गावातली असली पोरं गॉगल घालून चौकात गाडीला टेकून उभी असतात, ती रोज व्हॅनमधून बघत होते.

"गॉगल काढा, शेठ," मी म्हटलं. रांगेतले हसले.

त्यानं गॉगल काढला, डोळे बारीक केले आणि खुर्चीत बसला. "मॅडम, मी शेठबिठ न्हाई. मला उन्हात दिसत न्हाई. अंधारात बरं दिसतं, म्हणून रातपाळी मागतोय."

"उजेडात दिसत नाही आणि अंधारात दिसतं?" मी म्हणाले. "घुबड आहात का?"

आता खोली दणाणून हसली. तो हसला नाही. मी पाटी दाखवली. काळ्या कागदानं अंधारलेल्या त्या खोलीत त्यानं दोन्ही डोळ्यांनी शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत वाचलं. पाटी बदलली, तरी तेवढंच. म्हणजे नजर जवळजवळ उत्तम. टॉर्च मारला तेव्हा डोळे घट्ट मिटून घेतले, गालावर पाणी आलं. सरांनी कसंबसं आत बघितलं आणि पडदा ठीक आहे म्हणाले. पाणी येणं मी सोंगात जमा केलं. रंग ओळखायचं ठिपक्यांचं पुस्तक माझ्या पिशवीत होतं. ते आम्ही फक्त ड्रायव्हर आणि इलेक्ट्रिशियनला दाखवायचो. हा स्टोअरचा, म्हणून पिशवीतून काढलंच नाही.

उठताना तो म्हणाला, "मॅडम, ही पाटी येक डाव भायेर उन्हात न्या. मला थितं उभा करा आन् मंग वाचायला लावा. येक अक्षर वाचलं तर तुमी म्हणाल ते."

तो स्वतःच मला तपासणी सांगत होता. जी मला सुचायला हवी होती तीच. पाच मिनिटांचं काम, बाहेर लख्ख ऊन होतं.

"तुमच्यासाठी आता बाहेर मांडव घालू का?" मी म्हटलं. "चला, पुढचा."

मी लिहिलं, "दृष्टी समाधानकारक. दिवसपाळी करण्यास हरकत नाही." खाली सही केली. माझी सही अजूनही वळणदार आहे.

पुढच्या वर्षी त्या कंपनीत गेलो तेव्हा तो रांगेत नव्हता. मी कुणाला विचारलंही नाही. तो आठवतच नव्हता, हे खरं कारण आहे.

दोनेक वर्षांनी तो तळवड्याच्या ऑफिसात आला. तोच तपकिरी गॉगल, कपाळावर ओढलेली टोपी, आणि चालण्यात थोडं लंगडेपण. हातात पुण्याच्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयाची फाईल. त्यानं ती माझ्या टेबलावर ठेवली. मी उघडली. डोळ्यावर तार लावून, आधी अंधारात आणि मग उजेडात दिव्याचे झोत टाकून पडद्याची वीज मोजतात, ती तपासणी केलेली होती. अंधारातली रेघ चांगली उंच उठलेली. उजेडातली जवळपास सपाट, म्हणजे थोडेच शंकू उरलेले; ते मंद उजेडात अक्षर ओळखायचे, लख्ख उजेडात दिपून जायचे. खाली निदान लिहिलं होतं, शंकूपेशींचा ऱ्हास. परीक्षेत मी लिहिलेलं उत्तर.

मी त्याला बसायला सांगितलं. काय झालं ते त्यानं सांगितलं, आवाज न चढवता. माझ्या कागदावर त्याला दिवसपाळीला डिस्पॅचला टाकलं, गाड्या भरायच्या धक्क्यावर. समोर पांढऱ्या सिमेंटचं आवार, वर ऊन. आत गॉगल चालत नाही, कंपनीचा पांढऱ्या काचेचा सुरक्षा चष्माच घालावा लागतो. मालावर हिरवी आणि लाल चिठ्ठी असायची, त्याला दोन्ही सारख्याच, तो वरचं अक्षर चाचपडत वाचायचा. चार महिने त्यानं असे काढले. मग एका दुपारी धक्क्याची कड त्याला दिसली नाही आणि तो खाली पडला. पायाचं हाड मोडलं. कंपनीनं फाईल काढली, डोळे ठीक असल्याचा कागद त्यात होताच. निष्काळजीपणा ठरला आणि त्याला राजीनामा लिहून द्यायला सांगितलं.

"आता तुला काय हवंय?" मी विचारलं. मला वाटलं भरपाई मागेल, वकिलाची नोटीस आणली असेल.

"कंपनीचं गेलं ते गेलं," तो म्हणाला. "तुमी फकस्त येवडंच लिवून द्या, की मी त्या दिवशी खोटं बोललो न्हवतो. आमचे आप्पा घरात माझ्याशी बोलत न्हाईत मॅडम. तुमचा कागद त्यांनी ट्रंकेत ठिवलाय. म्हणतात, शिकल्याली बाई म्हणती डोळं चांगलं हायेत, मंग ह्यो कामाला भ्या करतोय. दवाखान्याची फाईल दावली तर म्हणतात, पैशे दिऊन कसला बी कागद मिळतोय. त्यांना तुमच्या हातचंच पायजे."

मी त्याला म्हटलं, विचारून सांगते.

सरांना विचारलं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, "मॅडम, लेखी काही देऊ नका. एकदा चूक झाली असं लिहिलंत की उद्या सगळ्या कंपन्या जुने कागद काढतील. त्याला तोंडी समजवा." माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मी मान डोलावली.

इथपर्यंत जे लिहिलं ते अज्ञान होतं, घाई होती, घमेंड होती. पुढचं तसं नाही. नवनाथचा दोनदा फोन आला. पहिल्यांदा मी म्हणाले, सर बाहेरगावी आहेत. दुसऱ्यांदा मी उचललाच नाही. फोन टेबलावर थरथरत फिरत होता आणि मी त्याच्याकडे बघत होते, एवढं स्पष्ट आठवतं. माझ्या वडिलांनी नोकरीसाठी अक्षरं पाठ केली होती. मी नोकरीसाठी काय केलं, ते हे.

निवृत्त झाल्यावर मी तळवड्यातच पुतण्याच्या चष्म्याच्या दुकानात दुपारी बसायला लागले. पहिल्याच आठवड्यात कोरा कागद घेतला आणि लिहिलं. तीन ओळींचं पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. शेवटी नाव, शिक्षण, सही. मग नवनाथला फोन केला. त्यानं आवाज ओळखला. "येतो," एवढंच म्हणाला.

तो भर दुपारी आला. त्याच्या भाच्यानं त्याला मोटरसायकलवरून दारात सोडलं. रस्त्यावरचं ऊन दुकानाच्या काचेच्या कपाटांवर आपटत होतं आणि आत चार ट्यूबा लावलेल्या, चष्म्याच्या दुकानात लावतात तशा. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मी त्याच्या गॉगलकडे बघितलं आणि विचारलं, हा कुणी दिला?

"कोण देतंय? चाकणला चौकात फूटपाथवर पंचवीस-तीस लावून बघितलं. काळ्यात कायच दिसत न्हाई. ह्या काचंत जरा ऊन मऊ लागतं."

या आजारावर इलाज नाही. मोठे डॉक्टर जास्तीत जास्त काय देतात, तर लालसर-तपकिरी काचेचा चष्मा. त्यानं तो फूटपाथवर स्वतःच शोधला होता, आणि तोच मी त्याच्या डोळ्यांवरून काढायला लावला होता.

"आता कसं दिसतं?" मी विचारलं.

"दिवसाचं आनखी कमी झालं. डॉक्टर म्हणले, पुढं रातचं बी जायला लागंल, कवा ते सांगता येत न्हाई. तवर सकाळी उजाडायच्या आत आन् सांजच्याला शेतात काम करून घेतो."

मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "उशीर झाला, नवनाथ. आप्पांना आता तरी दाखव."

त्यानं पत्र हातात घेतलं. "आप्पा गेलं मॅडम. उन्हाळ्यात."

निवृत्तीच्या आधीचा उन्हाळा. फोन टेबलावर थरथरला होता, त्यानंतर तीन-चार महिन्यांनी.

"बोलले का तुझ्याशी?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण विचारलं.

"पानी दे, म्हणले. तेवडंच." त्यानं पत्र नाकाशी नेलं, लांब धरलं, मान तिरकी केली. मग माझ्यापुढे केलं. "तुमीच वाचा. हितं मला दिसत न्हाई."

मी पत्र घेतलं आणि वाचायला तोंड उघडलं. हे त्याचं पत्र होतं, ते माझ्या तोंडून त्यानं का ऐकावं? मी उठले. चारही ट्यूबा बंद केल्या. पुतण्या "आत्या, काय करतेस?" म्हणत राहिला, मी शटर खाली ओढलं, गुडघ्याएवढी फट ठेवून. दुकानात संध्याकाळसारखा उजेड उरला. मला माझ्याच हातातलं नीट दिसेना.

नवनाथनं गॉगल काढला. या वेळी मी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याचे डोळे मी पहिल्यांदा पूर्ण उघडे बघितले. मोठे होते, शांत होते. त्यानं पत्र मांडीवर घेतलं आणि बोट ठेवून, एकेक शब्द हळू आवाजात वाचत गेला. "...यांनी तपासणीच्या दिवशी सांगितलेली तक्रार खरी होती. ते खोटं बोलले नव्हते. मी त्यांचं ऐकून घेतलं नाही." मधली ओळ त्यानं दोनदा वाचली.

मग पत्राची नीट चौकोनी घडी करून वरच्या खिशात ठेवली. म्हणाला, "आईला दावतो. ट्रंकेत त्या कागदावर ठिवतो."

मला तिथं बसवेना. मी पटकन शटरपाशी गेले, खाली वाकून हात घातला.

"मॅडम, थांबा," तो मागून म्हणाला. "आदी मला गॉगल घालू द्या."

मी थांबले.